आधी वाफ

फॉर्मवर विचारलंय: वय, वजन, साखर, दमा,
याआधी कधी ही लस घेतली होती का,
डावा दंड की उजवा.
मी लिहिलं, डावा. उजव्या कुशीवर झोपतो.
व्यवसायापुढे लिहिलं, पेनिसिलीन,
मग ते खोडून, निवृत्त.

एकतीस वर्षं पिंपरीत टाक्यांपाशी काढली.
दोन मजली टाक्या, आत बुरशी वाढायची,
आणि तिचा तो आंबूसगोड वास
कपड्यांना, डब्याला, बसच्या सीटलासुद्धा.
पुष्पा माझा शर्ट दाराबाहेरच उतरवून घ्यायची.

तांबोळी वाफेवर होता.
बाबूलाल तांबोळी, राहणार दापोडी,
कानाला मफलर, खिशात पाना.
टाकी भरायच्या आधी तो तिला वाफवायचा,
जोड, झडपा, नळीची कोपरं,
घड्याळ बघून नाही, पाइपाचा आवाज ऐकून.
एक परका जिवाणू आत शिरला
की अख्खी बॅच गटारात.
तशी एक गेली होती, सत्त्याऐंशी साली, दिवाळीच्या तोंडावर,
दुसऱ्याच्या पाळीत.
तरी हा तीन दिवस नीट जेवला नाही.
नव्या पोरांना सांगायचा, वाफ आधी रे.
नंतर वाफवलं तर नुसता रस्सा होतो.

तोच तांबोळी मागच्या डिसेंबरात
टपरीवर मला म्हणाला,
लस? लस पोराटोरांची असते, विश्वंभर.
आपण पेनिसिलीनमध्ये मुरलेली माणसं.
झालाच न्यूमोनिया तर औषध आहेच की,
आपणच तर केलं.
मी हसलो. दोन बिस्किटं बुडवली.
खरं सांगायचं तर लशीचा भाव ऐकून
मीही गप्पच होतो,
माझ्या महिन्याच्या पेन्शनपेक्षा वर.

जानेवारीत, मंगळवारी, हुडहुडी भरून ताप.
बुधवारी गंजाच्या रंगाचा बेडका.
गुरुवारी तो बायकोला
बहिणीच्या नावाने हाका मारत होता.
बाटलीतून औषध उतरत होतं,
आमच्या औषधाची नातवंडं, आमच्याहून तालेवार.
मी काचेबाहेर उभा राहून थेंब मोजले.
चारशेच्या पुढे चुकलो.

डॉक्टर कुंजीर, माझ्या मुलीच्या वयाची, सांगते,
हे जंतू जोडीजोडीने राहतात,
नाकात, घशात, नातवाच्या शेंबडातसुद्धा,
निमूट, जुन्या भाडेकरूसारखे.
साठी-पासष्टीनंतर घराची राखण ढिली पडते.
मी विचारलं, त्याने घेतली असती तर?
ती सुईचं टोपण काढत होती.
म्हणाली, सांगता येत नाही काका.
सगळ्याच जातींना ही अडवत नाही,
पण जास्त छळणाऱ्या बऱ्याच जातींना अडवते.
हे मला पटलं.
झडप तरी कुठे सगळं अडवते.

रात्री दंड ठणकला.
पुष्पा म्हणाली, शेक देऊ? नको म्हटलं.
अंधारात तो पाइपाचा आवाज आठवत पडलो,
किती वेळ व्हायचा, बारीक कधी व्हायचा.

परवा दापोडीला गेलो.
खैरुनभाभी अडुसष्टच्या, दारात गहू निवडत होत्या.
कार्ड पुढे केलं. म्हटलं, उद्या नऊला रिक्षा आणतो,
पैशांचं अन्वरशी बोललोय.
दुखतं का?
दुखतं. दोन दिवस.
त्यांनी सूप बाजूला सारलं.
मी तर कारखान्यात नव्हते कधी, म्हणाल्या,
मला चालेल?

मग आधार कार्डासाठी ट्रंक उघडली.
वरच मफलर होता, घडी केलेला,
त्याच्याखाली पाना.
तो माझ्या हातात दिला, धरा जरा,
आणि खाली शोधत राहिल्या.